थोरली की धाकटी

आक्कांनी मला खोली दिली ती माझे हात बघून. चिंचवड गावात, पवनेच्या अंगाला त्यांचं घर होतं. पुढं ओटा, मागं परसू आणि परसाच्या कडेला एक सुटी खोली. पिंपरीला औषधाचा कारखाना नुकताच सुरू झाला होता आणि मी त्यात लागलो होतो. रत्नागिरीहून आणलेली वळकटी ओट्यावर टेकवून मी भाड्याची चौकशी केली, तर त्या म्हणाल्या, "हात दावा."

मी दोन्ही हात पुढं केले. त्यांनी ते उलटसुलट करून बघितले, नखं बघितली आणि म्हणाल्या, "ऱ्हावा. पन घरात येताना कोपरापत्तुर धुवायचे."

आक्का सुईण होत्या. तरुणपणी पुण्याच्या एका दवाखान्यात त्यांनी हे काम शिकून घेतलं होतं. नवरा लवकर गेला, मूलबाळ नव्हतं, हे त्यांनी मला एकदाच, लसूण सोलता सोलता सांगितलं आणि लगेच विचारलं, "कालवनात तिखट चालंल न्हवं?" मी तिथं असेपर्यंत त्यांनी मला नावानं हाक मारली नाही. मी आपला शेवटपर्यंत 'पाव्हणं'च.

आजूबाजूच्या गावांतली निम्मी माणसं त्यांच्या हातावर जन्मलेली. त्यामुळं त्यांना कुणाचा धाक म्हणून नव्हता. टांगेवाला हुज्जत घालायला लागला की त्या शांतपणे म्हणायच्या, "तू पायाळू. आईला लई ताटकळत ठिवलंस तवा. आता मला तरी नगं ठिवू." गावात एक पुढारी होते, सभेत उभे राहिले की खाली बसत नसत. त्यांच्याबद्दल आक्का सांगायच्या, "ह्यो जन्मला तवा आवाजच करंना. मी पाठीत धपाटा घातला तवा बोलला. तवापासनं बोलतोच हाय. माझीच चूक." माणूस कसा आहे हे त्या तो कसा जन्मला यावरून ठरवायच्या, आणि माझा जन्म रत्नागिरीकडचा, म्हणजे त्यांच्या नजरेआड झालेला, म्हणून माझ्याबद्दल त्यांना कायम थोडी शंका होती.

आमच्या कारखान्यात बुरशीपासून औषध होतं, हे मी त्यांना पहिल्याच आठवड्यात सांगितलं. त्या इतक्या हसल्या की डोळ्यांना पदर लावावा लागला. दुसऱ्या दिवशी मी कामावर निघालो, तर त्यांनी शिंक्यावरची शिळी, हिरवी पडलेली भाकरी फडक्यात बांधून माझ्यापुढं धरली. "साहेबाला इचारा. आमच्याकडं लई निघती." ती भाकरी मी खरंच साहेबांना दाखवली. साहेब हसले नाहीत, त्यांनी ती काचेखाली धरून बघितली. हे मी येऊन सांगितल्यावर आक्का दोन दिवस आळीभर सांगत फिरत होत्या, की माझी भाकरी पास झाली.

त्या जेवायला बसायच्या त्याही एक गुडघा उभा करून. उभ्या पायात वहाण असायची. कुणी सांगावा घेऊन आलं की हात धुवायचा, पिशवी उचलायची आणि निघायचं. पुढं मात्र सगळं बैलांच्या मर्जीवर. सांगावा आणणाऱ्याचीच बैलगाडी असायची, कधी टांगा, आणि पाऊसपाण्याचं तेही नाही.

जवळच्या माण गावात एका बाईची वेळ आली होती, तेव्हा असंच झालं. गाडीचं चाक ओढ्यात रुतलं. आक्का उतरून चालत गेल्या. परतल्या त्या दुपारी, आणि ओट्यावरच बसल्या. मी पाणी नेऊन दिलं. तांब्या खाली ठेवून म्हणाल्या, "मी पोचले तवा घरात रडनं चालू होतं. पन पोराचं न्हवतं."

दुसऱ्या दिवशी मी परसात दात घासत होतो. त्या मागं येऊन उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "पाव्हणं, तुमाला फटफटी येती म्हनला हुता."

येत होती. माझा मामा लढाईत लष्करात होता आणि येताना एक खटारा फटफटी घेऊन आला होता. तिच्यावर मी शिकलो होतो आणि त्याची फुशारकी मी चिंचवडात भेटेल त्याला मारली होती.

"येते," मी म्हणालो.

"मला शिकवा."

मला वाटलं, मी चालवायची आणि त्या मागं बसणार. तसं मी बोललोही. त्या म्हणाल्या, "तुमी कारखान्यात असनार. बाईच्या कळा तुमची पाळी सुटायची वाट बघत्यात व्हय?"

मी लुगड्याचं काय म्हणून विचारलं. त्यांनी माझ्याकडं कीव आल्यासारखं बघितलं. "काष्टा मारून आमी झाडावर चढतो, घोड्यावर बसतो. गोल साडीवाल्या बायांनी इचार करावा. नऊवारीला काय झालंय?"

गावातले एक वयस्कर गृहस्थ त्यांना समजावायला आले. बाईमाणसानं फटफटी चालवणं बरं दिसत नाही, लोक काय म्हणतील, असं ते चांगली अर्धी घटका बोलले. आक्कांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "तुमची सून दिवाळीला मोकळी व्हनार. बैलगाडीनं येऊ का?" गृहस्थांनी चहा घेतला आणि कारखान्यात पगार किती मिळतो हे मला विचारून निघून गेले.

पिंपरीला निर्वासितांच्या छावणीजवळ एका सिंधी मिस्त्रीचा पत्र्याचा गाळा होता. त्याच्याकडं लष्कराच्या लिलावातल्या दोन फटफट्या विकायला होत्या. दोन्ही एकाच विलायती कंपनीच्या, एकाच ताकदीच्या, खाकी रंगाच्या. किंमतही त्यानं सारखीच सांगितली. "आक्का, दोनो सगी बहन है. कोई भी ले जाओ," तो म्हणाला.

आक्का दोघींभोवती फिरल्या आणि म्हणाल्या, "बहिनी न्हाईत. जावा हायत. ही थोरली, ती धाकटी." तीच नावं पडली.

आणि खरंच दोघींच्या वागण्यात जावांइतकं अंतर होतं. थोरलीच्या पुढच्या चाकावर जाड, उघडी स्प्रिंग होती. हँडल रुंद आणि वर आलेलं, सीट पसरट, पाय ठेवायच्या खुंट्या पुढं. तिच्यावर बसलेला माणूस ओट्यावर पाय सोडून बसल्यासारखा दिसायचा. अंगानं जड, चालीनं धीमी, आवाज उखळात कांडल्यासारखा. धाकटी नंतरची. तिच्या पुढच्या चाकाच्या दोन्ही बाजूंच्या नळ्यांत तेल होतं, त्यामुळं खड्डा आला की ती तो गिळून टाकायची. वजनाला हलकी, पळायला चपळ. आधीच्या मालकाला शर्यतीची हौस होती. त्यानं तिचं हँडल बुटकं केलं होतं, खुंट्या मागं नेल्या होत्या आणि ओझं नको म्हणून मागचं कॅरियर कापून टाकलं होतं. तिच्यावर बसायचं म्हणजे टाकीवर ओणवं व्हायचं, हनुवटी पुढं काढायची आणि वारा कापत जायचं.

मी अर्थातच धाकटीच्या बाजूचा. फटफटीवर ताठ बसणारी माणसं मला पोस्टमनसारखी वाटायची. मी आक्कांना चाल, पल्ला, वळणावरची पकड, सगळं समजावून सांगितलं. त्यांनी ऐकलं आणि म्हणाल्या, "चालवायच्या आदी बसून बघाय पायजे."

मग त्या बसल्या. मला वाटलं होतं घटकाभर बसतील. त्यांनी पिशवीतनं लसणाचे गड्डे काढले आणि उभ्या असलेल्या थोरलीवर बसून सोलायला घेतले. ते संपल्यावर धाकटीवर बसून दुसरे. मधे मधे डोळे मिटायच्या. छावणीतल्या बायका जमल्या. एकीनं विचारलं, हे काय चाललंय? मिस्त्री वैतागून म्हणाला, "गाडी देख रही है." आक्का डोळे न उघडता म्हणाल्या, "गप ऱ्हावा. कंबर बोलतीय."

शिकायचं थोरलीवर ठरलं, कारण ती पडली तरी तिला काही होणार नाही असं मिस्त्रीचं म्हणणं होतं. नदीकडं गावाचं मोकळं रान होतं, तिथं आम्ही रोज जायचो. किक मारणं त्यांना पहिल्याच दिवशी जमलं. उखळ-मुसळाची सवय असलेली बाई ती. क्लच, गिअरही जमले. थांबणं मात्र मी शिकवायचं विसरलो होतो, म्हणजे उद्या शिकवू असं ठरवलं होतं, आणि त्या आजच निघाल्या.

रानाला त्यांनी एक गोल फेरी मारली. चेहरा अगदी शांत. मी ओरडत होतो, "क्लच दाबा, क्लच." माझ्यासमोरून जाताना त्या म्हणाल्या, "पाव्हणं, चुलीवर..." आणि पुढं गेल्या. पुढच्या फेरीला म्हणाल्या, "...डाळ हाय..." आणि गेल्या. मी मागं धावलो, दमलो, थांबलो. तिसऱ्या फेरीला आवाज आला, "...तेवढी उतरवा जाऊन." मी तसाच घराकडं पळालो. डाळ उतरवून परत आलो तर रानाच्या कडेला माणसं गोळा झाली होती आणि आक्का अजून फिरतच होत्या. शेवटी पेट्रोल संपलं आणि थोरली आपोआप एका कडब्याच्या गंजीला टेकून उभी राहिली. आक्का उतरल्या, पदर नीट केला आणि म्हणाल्या, "लागली का खाली?"

"काय?"

"डाळ."

पुढं त्या थांबायलाही शिकल्या, आणि इतक्या पक्क्या शिकल्या की पुण्याला लायसन्ससाठी परीक्षा घेणाऱ्या साहेबांनी जमिनीवर आठाचा आकडा काढायला सांगितला, तेव्हा त्यांनी तो पाय न टेकता काढला आणि विचारलं, "नऊबी काढू का?" साहेबांनी नको म्हणून सही केली.

पण घ्यायची कुठली, हे ठरत नव्हतं. मिस्त्री कंटाळला. शेवटी त्यानंच सुचवलं, की एक दिवस दोन्ही घेऊन जा, लांब फिरून या आणि काय तो निकाल लावा. चाकणच्या बाजाराच्या दिवशी मी रजा टाकली आणि आम्ही निघालो. आक्का थोरलीवर, मी धाकटीवर. मोशीला अदलाबदल करायची.

मोशीला वडाखाली थांबलो. मला वाटलं, आता गाड्या बदलायच्या. आक्कांनी चोळीला टोचलेली गोधडीची सुई काढली, दोरा काढला आणि उभ्या उभ्या ओवायला लागल्या. दोरा सुईच्या डाव्या बाजूनं जायचा, उजव्या बाजूनं जायचा, भोकातनं काही जाईना. वडाखाली बसलेले चार जण जवळ आले. एकानं "द्या हिकडं, मी ओवतो" म्हणून हात पुढं केला, तर त्याला म्हणाल्या, "बाळंतपनबी तूच करनार का?"

तेव्हा माझ्या ध्यानात आलं. सुईणीचं सगळं काम हातांचं. थोरलीच्या हादऱ्यांनी त्यांच्या बोटांना मुंग्या आल्या होत्या, बोटं थरथरत होती. अशा हातांनी कुणाच्या घरात शिरायचं?

मी मनातून खूश झालो. गाड्या बदलल्या. चाकणला बाजाराच्या तोंडाशी उतरल्याबरोबर त्यांनी परत सुई काढली आणि दोरा पहिल्या झटक्यात आत गेला. मी म्हणालो, "संपलं आक्का. धाकटी."

आक्का दोन्ही हात कमरेवर ठेवून मागं वाकल्या. हाडं मोडल्याचा आवाज मला ऐकू आला. "हात म्हनत्यात धाकटी," त्या म्हणाल्या, "कंबर म्हनती थोरली. आनि वाकून बसल्यावर मला रस्ताच दिसतो नुसता. मानसं दिसत न्हाईत. कुनी बांधावरनं हात केला तर कळायचं कसं?"

मी वाऱ्याचं काहीतरी सांगायला लागलो. तेवढ्यात गर्दीतून एक माणूस आम्हाला शोधत आला. कुरुळीचा होता, आक्कांच्या ओळखीचा. म्हणाला, "तुमी फटफटीवर बाजाराकडं गेल्याचं सांगितलं लोकांनी. थोरल्या भावाची बायको अडलीय. सकाळधरनं."

आक्कांनी सुई चोळीला टोचली. ज्या गाडीपाशी उभ्या होत्या तिला किक मारली. ती धाकटी होती. मी थोरलीवर त्या माणसाला मागं घेऊन निघालो. आक्का बघता बघता पुढं गेल्या, ओणव्या, पदर मागं फडफडतोय. मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं, की मी फटफटी चालवतो तेव्हा तसा दिसत नसणार.

आम्ही कुरुळीला पोचलो तेव्हा धाकटी अंगणात उभी होती आणि आक्का आत गेल्या होत्या. पुरुषमाणसं बाहेर बसली होती. त्या बाईचा नवरा गोठ्याच्या खांबाला धरून उभा होता. त्यानं मला दोन वेळा विचारलं, "ही गाडी तेलावर चालती का पेट्रोलवर?" आणि दोन्ही वेळा माझं उत्तर त्याच्या कानापर्यंत पोचलं नाही. आतून आक्कांचा आवाज येत होता, एकसुरी, न चढणारा. मग तो थांबला. अंगणातलं कुणी हललं नाही. गोठ्यातल्या बैलानं मान हलवली, घुंगरू वाजलं, आणि त्याच्या पाठोपाठ ते रडणं आलं, चांगलं रागावलेलं.

नवऱ्यानं खांब सोडला आणि खाली बसला.

आतून एक म्हातारी बाहेर आली. बाळाची आजी. मूठभर बाई, पण आवाज घरापेक्षा मोठा. मुलगी झाली होती, दोघी सुखरूप होत्या. म्हातारीनं देहूला नवस बोललेला होता, की नातवंडाचं तोंड बघितलं की त्याच दिवशी येऊन देवापुढं खडीसाखर ठेवीन. तिचा मुलगा म्हणाला, गाडी जुंपतो. म्हातारी म्हणाली, "बैल नगं. ह्या बाईवानी जायचंय मला."

आक्का हात पुसत बाहेर आल्या होत्या. त्यांनी धाकटीकडं बघितलं. तिच्या मागं बसायला जागाच नव्हती, कॅरियर कापलेलं. त्यांनी थोरलीकडं बघितलं. मग घरातली एक गोधडी मागून घेतली, चौघडी करून थोरलीच्या कॅरियरवर टाकली आणि म्हणाल्या, "काष्टा घट हाय का?"

"घट हाय," म्हातारी म्हणाली.

त्या पुढं, मी धाकटीवर मागं. देहूची वाट म्हणजे तेव्हा बैलगाड्यांच्या चाकोऱ्या. थोड्या अंतरावर गेल्यावर मला पुढून एक विचित्र आवाज ऐकू यायला लागला. थोरलीच्या इंजिनात काहीतरी सुटलं असं वाटून मी जवळ गेलो. म्हातारी हसत होती. आक्कांच्या कमरेला मिठी मारून, डोळे घट्ट मिटून, नुसती हसत होती. खड्डा आला की हसणं तुटायचं, खड्डा गेला की परत जोडलं जायचं. शेतातली माणसं कामं टाकून बांधावर येऊन उभी राहत होती. आक्का ताठ बसल्या होत्या आणि ओळखीचा दिसला की त्याच्याकडं बघून मान हलवत होत्या. मला ओणवं होऊन सारखं मान वर करावी लागत होती, मानेला रग लागली होती, पण ते दृश्य मला चुकवायचं नव्हतं.

देवळात जाऊन आल्यावर आक्कांनी म्हातारीला विचारलं, "बसायला कसं वाटलं?"

"पाळन्यात बसल्यावानी," म्हातारी म्हणाली. "मरूस्तवर हितंच बसून ऱ्हावं."



दुसऱ्या दिवशी आम्ही मिस्त्रीच्या गाळ्यात गेलो. आक्का म्हणाल्या, "थोरली."

मी गडबडलो. सुईचं काय झालं? मी म्हणालो, "आक्का, तुमच्या हातांना मुंग्या येतात तिच्यावर. तुम्हीच बघितलंत."

"व्हय. पन पोचल्यावर पानी तापवायचं, हात धुवायचे, कोपरापत्तुर. तवर मुंग्या ऱ्हात्यात का? काल मी आत गेले, हात धुतले, आनि मग ध्यानात आलं, की पळत येऊन कुनी लगीच हात घालत न्हाई." मग त्यांनी धाकटीच्या मागच्या मडगार्डावर हात ठेवला. "हिच्यावर मी एकटी बसती. मी बाईकडं जाती. पन एखादीला मलाबी सुधरायचं न्हाई, तिला दवाखान्यात न्यायची, तर ती बसनार कुठं?"

मिस्त्रीला दोन्ही गाड्या सारख्याच होत्या, पण धाकटी त्याला आधी खपवायची असावी. तो म्हणाला, "आक्का, कॅरियर का क्या है. वेल्डिंग मारके देता हूँ. एक घंटे का काम."

"बस," आक्का म्हणाल्या.

"क्या?"

"मागं बस. मी चालवती. तुला बरं वाटलं तर मार वेल्डिंग."

मिस्त्रीनं माझ्याकडं बघितलं. मी दुसरीकडं बघितलं. त्यानं मडगार्डावर पोतं टाकलं आणि बसला. आक्का ओणव्या झाल्या, त्यामुळं त्याला धरायला काही उरलं नाही. तो आधी हवेला धरून बसला आणि मग त्यांच्या पिशवीला. दोघं छावणीच्या रस्त्यानं दिसेनासे झाले. थोड्या वेळानं आक्का एकट्याच परत आल्या. मिस्त्री त्यानंतर आला. चालत, पाय फाकून, पोतं खांद्यावर टाकून. गाळ्याच्या दारात उभा राहून तो म्हणाला, "थोरली ले जाओ."

थोरलीच्या कॅरियरवर त्यानं जाड सीट बसवून दिली, स्वतःहून, खाली दोन स्प्रिंगा घालून. धाकटी पुढं पुण्याचा कुणीतरी तरुण घेऊन गेला. ती गेली त्या दिवशी मी मुद्दाम बघायला गेलो होतो. तो पोरगा तिच्यावर ओणवा झाला, हनुवटी पुढं काढली, आणि मला त्याचा फार हेवा वाटला.

आक्कांची थोरली मग सगळ्या मुलखाला ओळखीची झाली. आवाज आला की लोक म्हणायचे, कुणाच्या तरी घरी पेढे. पोरी अंगणात त्यांच्यासारखं ताठ बसून, पाट्यावर, फटफटी फटफटी खेळायच्या.

पण मला आठवतो तो एक दिवस. दुपारची वेळ, पहिली पाळी सुटली होती आणि आम्ही सगळे कारखान्याच्या फाटकातून बाहेर पडत होतो. रस्ता माणसांनी आणि सायकलींनी भरून गेला होता. चिंचवडच्या बाजूनं थोरलीचा आवाज आला. आक्का होत्या. त्यांच्या मागं एक तरुण बाई, दिवस भरलेली, डोकं त्यांच्या खांद्यावर टाकलेली. दोघींच्या भोवती एक लुगडं गुंडाळून गाठ मारली होती. आक्कांनी वेग कमी केला, थांबवली मात्र नाही. हॉर्न बिघडला होता का त्यांना वाजवायचा नव्हता, कोण जाणे. त्या नेहमीच्याच आवाजात म्हणाल्या, "सरका, बाबांनो. तिघं हाय आमी."

एवढी मोठी गर्दी इतक्या मुकाट्यानं दुभंगलेली मी कारखान्यात साहेबासाठीही बघितली नव्हती. लोकांनी सायकली उचलून धरल्या. आक्का मधून गेल्या, पुण्याच्या रस्त्याला लागल्या.

गर्दी अजून तशीच उभी होती तोवर मागून एक तरुण सायकल हाणत आला. एका पायात वहाण, दुसरी हातात. धापा टाकत म्हणाला, "माझी बायको बघितली का कुनी?"

सगळ्या पाळीनं मिळून पुण्याकडं हात केला.

आक्का दिवेलागणीला परतल्या. हात धुतले, ओट्यावर टेकल्या. मी पाणी आणून दिलं आणि विचारलं.

"मुलगा झाला," त्या म्हणाल्या. "पोट फाडून काढला. आडवा हुता. मला हिथं जमलं नसतं. दोघं बरी हायत. डॉक्टरीन म्हनली, अजून घटकाभर उशीर झाला असता तर काय खरं न्हवतं."

"आणखी काय म्हणाल्या?"

"इचारलं, कशावर आनलं? म्हनलं, फटफटीवर. तर म्हनली, त्या चालवनाऱ्याला आत बोलवा, त्याला च्या देऊ. मी आत जाऊन खुर्चीवर बसले. ती आपली दाराकडं बघत ऱ्हायली."

"मग?"

"मग काय," आक्का म्हणाल्या, "च्या निवाय लागला हुता. मी पिऊन टाकला."